नारळपाणी प्यालेला कॉम्प्युटर

सेलूच्या कापूस जिनिंग संस्थेत कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा गोपिकेकडं वळल्या, कारण अख्ख्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट असलेली ती एकटीच. साल अठ्ठ्याऐंशी. कितीतरी वर्षं ती तिथं रोजंदारीवर टायपिस्ट होती. मॅनेजर पुंडलिकरावांनी शब्द दिला होता, की कोर्स कर, मशीन चालवून दाखव, लगेच परमनंट करतो. बिचारी रोज संध्याकाळी एसटीनं वर्ध्याला जाऊन कोर्स करून आली.

आता खरं सांगायचं तर क्लासात कॉम्प्युटर एकच होता, आणि तोही काचेच्या थंड खोलीत नव्या जावयासारखा बसलेला. चपला बाहेर काढून काचेतून त्याचं दर्शन घ्यायचं आणि बोटं चालवायची ती पुठ्ठ्यावर काढलेल्या बटणांवर. परीक्षाही पुठ्ठ्यावरच झाली. गोपिका पहिल्या वर्गात पास झाली, पण खऱ्या मशीनला तिचं बोटही लागलं नव्हतं. हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

मशीन आलं. अध्यक्ष लक्ष्मणराव बोरगाव मेघेहून मुद्दाम आले. आपल्याकडं नवा ट्रॅक्टर असो की नवी मोटार, नारळ फोडल्याशिवाय कोणी हात लावत नाही. पुंडलिकरावांनी मशीनचं बटण चालू केलं, त्याला हळद-कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि टेबलाच्या कडेवर असा काही नारळ हाणला, की सगळं पाणी थेट कीबोर्डात! मशीननं जी शिट्टी धरली ती थांबेना. अध्यक्षांना वाटलं, नवं मशीन असंच सुरू होत असेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

गोपिकेनं धावत जाऊन प्लग उपटला. पुंडलिकरावांचा चेहरा पार उतरला.

"गोपिकाबाई, काहीतरी करा. तुमच्याजवळ सर्टिफिकेट हाये ना?"

काय करणार? पाऊस लागलेल्या मिरच्यांचं घरी जे करतात तेच तिनं केलं. कीबोर्ड उलटा करून उन्हात वाळत घातला आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की नागपूरचा इंजिनियर बोलवा. अध्यक्षांना हे फार पटलं. पण मशीन चालल्याशिवाय परमनंटचा कागद निघणार नव्हता, आणि त्या काळजीनं तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर प्रभाकरराव आले. टाय, चामडी बॅग, सगळा थाट. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, गोपिकेला तेवढं आत ठेवलं आणि दार लावलं. मग पेचकस हातात घेऊन मशीनभोवती नुसते फिरत राहिले. शेवटी गोपिकेलाच राहवेना.

"सायेब, मले काहीच येत नाई. पुठ्ठ्यावर शिकली मी. नोकरी गेली तं गेली, पण आता खोटं बोलवत नाई."

प्रभाकरराव मटकन खुर्चीत बसले.

"ताई, दार नीट लागलं ना? सर्टिफिकेट माह्याजवळबी हाये. पण मशीन आतून कधी पाह्यलंच नाई. उघडते कुठून, तेच शोधून राह्यलो."

बाहेरून अध्यक्षांनी विचारलं, किती वेळ लागेल. गोपिकेनं आतूनच सांगितलं, काम नाजूक आहे, दोन चहा पाठवा.

चहा झाल्यावर दोघांनी कीबोर्ड पुसला, जोडला आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. मशीन निमूट सुरू झालं. वाळलं होतं, दुसरं काय! गोपिकेची बोटं पहिल्यांदाच खऱ्या बटणांवर पडली, पडद्यावर अक्षरं उमटली आणि तिला रडूच आलं.

लक्ष्मणरावांनी तिथल्या तिथं परमनंटच्या कागदावर सही केली आणि पुंडलिकरावांच्या पाठीवर थाप मारली.

"पाह्यलं? दोन सर्टिफिकेटवाले बसले तं कसं पटकन जमलं. उद्याच तुमच्या पोरीलेबी त्याच क्लासात टाका."