केळं काय, कुणीबी खातंय

सिद्रामअण्णा आमंत्रण नसताना लग्नाला जायचे, पण जेवायला नाही. पंगती उठल्या, वरात निघाली, की ते मांडवाच्या दाराशी उभे राहायचे आणि यजमानांना अदबीनं विचारायचे, दाराला बांधलेले केळीचे खुंट आता लागणार नसतील तर नेऊ का? यजमान दमलेले असायचे. समोरच्या पक्षाकडचा कुणी मानकरी असेल अशा समजुतीनं ते मान हलवायचे. मग भर उन्हात अण्णा खांद्यावर दोन खुंट घेऊन सोलापूरच्या रस्त्यानं शांतपणे घरी यायचे.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही सात खोल्यांच्या एका ओळीत भाड्यानं राहत होतो. मी शाळामास्तर. शेजारी अण्णा, गिरणीतून निवृत्त झालेले जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा हुबळीला नोकरीला. स्वतःशी बोलायचं तर कानडीत, आमच्याशी मराठीत.

कुठल्याशा शेतकी प्रदर्शनात त्यांना एक पातळ पुस्तिका मिळाली होती. केळीच्या झाडात फळाखेरीज खाण्याजोगं काय काय असतं, ते तिच्यात छापलं होतं. तेव्हापासून फळावरून त्यांचं मन उडालं. "केळं काय, कुणीबी खातंय," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना केळं खाणाऱ्यांची त्यांना कीव आल्यासारखी वाटायची. खुंटाच्या आतल्या पांढऱ्या गाभ्याला ते कानडीतलं नाव वापरायचे, दिंडू. दिंडूच्या रसानं मुतखडा जातो, चोथ्यानं पोट साफ होतं, केळफुलात लोह असतं, सालीची चटणी अंगात ताकद आणते. बोलण्याचा हा क्रम ठरलेला होता. माझी दाढ ठणकत होती तेव्हाही त्यांनी मुतखड्यापासूनच सुरुवात केली.

नुसतं बोलून ते थांबले असते तर आमची तक्रार नव्हती. पण ते रांधायचे. हाताला तेल लावून केळफुलातलं एकेक बारीक फूल सोडवायचं, त्याच्यातला कडक दांडा काढायचा, चिरून ताकात भिजत घालायचं, असं सगळं साग्रसंगीत. एवढं करूनही भाजी कडूच व्हायची. एक दिवसाआड सहा घरांत सहा डबे पोचायचे. माझी बायको कुसुम तेव्हा नुकतीच बाळंत झाली होती, म्हणून आमच्या डब्यात दुप्पट. यानं बाळंतिणीला दूध येतं, असं अण्णांनी मला चारचौघांत सांगितलं होतं.

कुसुमला पहिला घासच उतरला नाही. अण्णांना नको म्हणण्याची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती. खोल्यांच्या मागं लक्ष्मण गवळ्याचा गोठा होता. मी एका दुपारी डबा तिथं नेऊन म्हशीपुढं रिकामा केला. दुसऱ्या खेपेला गेलो तर शेजारचे पोस्टमन डबा घेऊन माझ्या आधी उभे. दोघांनीही म्हशीची तब्येत पाहिल्यासारखं केलं.

असे दोन महिने गेले. एके सकाळी लक्ष्मण दूध घालायला आला. आम्ही सगळे भांडी घेऊन दारात होतो. त्यानं अण्णांना हात जोडले.

"अण्णा, तुमच्या भाजीनं म्हशीचं दूद लई वाढलंय बगा. सहाच्या सहा घरं आणून घालत्यात. फकस्त मिरची जरा कमी टाका."

कुणी हसलं नाही. अण्णा "बरं" म्हणाले, दूध घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर आठवडाभर भाजी आली नाही. आम्हाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट त्यांच्या दारावरून जाताना जो तो भराभर पावलं उचलायला लागला. घराघरांत उरलेले डबे लोकांनी घासूनपुसून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून दिले.

शेवटी मी गेलो. आमची चूक झाली, म्हणालो.

"मला ठावं हुतं की," अण्णा म्हणाले. "गोठ्यात कडीपत्ता कुटनं येतोय?"

"मग तरी देत राहिलात?"

त्यांनी ओळीनं मांडून ठेवलेल्या डब्यांकडं बोट दाखवलं.

"डबा परत द्यायला कोण तरी येतंय, मास्तर. रिकामा द्यायचा न्हाय म्हणून चटणी घालून आणतंय, भाकरी आणतंय. दोन मिन्टं बसतंय. आता समद्यास्नी लाज वाटाय लागली. दाराशी ठिवून जात्यात."

मी घरी येऊन कुसुमला हे सांगितलं. मंगळवारी ती बाजारातून एक केळफूल घेऊन आली आणि बाळाला कडेवर घेऊन अण्णांच्या दारात उभी राहिली. मला हे सोलता येत नाही, म्हणाली, दाखवाल का?

अण्णांनी आमच्या खोलीत येऊन सतरंजीवर बैठक मारली. बाळ शेजारी पाय झाडत होतं. पहिला तासभर लोह, चुना सगळं झालं. मग हळूच विषय मुलाकडं गेला. नातू चालायला लागला असं पत्र आलंय, म्हणाले. त्यांनी त्याला अजून पाहिलेलं नव्हतं.

भाजी कुसुमनं फोडणीला टाकली. आम्ही तिघंही जेवायला बसलो. अण्णांनी एक घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि घरच्या माणसानं कुरकुर करावी तसं म्हणाले, "पोरी, कडू झालीय बग."

मग ताट पुढं सरकवून त्यांनी आणखी थोडी वाढायला सांगितलं.