वाळूतला उतारा

लढाई संपली आणि लोकांची पोरं घोंगड्या, घड्याळं घेऊन घरी आली. तुळसाबाईच्या जगदेवानं मात्र लष्करी भंगारातून एक यंत्र उचलून आणलं. लांब दांड्याच्या टोकाला परात, पाठीवर पेटी, कानांवर दोन डबडी. जमिनीत धातू असला की कानात शिटी वाजते म्हणे. अडाण नदीतून गाड्या पलीकडे जातात तिथं लोक पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात पैसा टाकत आले. तेव्हा वाळूत जुनी नाणी असणारच, असं त्याचं म्हणणं. आतापर्यंत बैलांच्या खुरांच्या झिजलेल्या नाला, खिळे आणि एका तांब्याचं बूड, एवढी दौलत घरात आली होती.

"लोकायचे पोरं तुरी सोंगून राह्यले," तुळसाबाई म्हणायची, "अन्‌ आमचं वाळूले ओवाळून राह्यलं."

या ओवाळण्यापायी दोन स्थळं गेली होती. पहिल्यांनी कानांवर डबडी लावलेला नवरदेव नदीतच पाहिला आणि गाडी पलीकडच्या काठावरूनच माघारी वळवली. दुसऱ्यांना जगदेवानं हौसेनं यंत्र दाखवलं, तेही नवरीच्या मावशीच्या जोडव्यांवर परात धरून. ती मावशी अजून बोलतेच आहे. आता सोमवारी मेडशीचे नानाजी यायचे होते. हे स्थळ गेलं की चौथं कोणी पाठवणार नव्हतं.

पोराला बाहेरचं काहीतरी लागलंय, हे तुळसाबाईनं कधीच ठरवलं होतं. शनिवारी दुपारी जगदेव ओसरीवर घोरत असताना तिनं लिंबू, बिब्बा, सुई आणि एक राणीछाप रुपया लाल चिंधीत बांधला आणि त्याच्यावरून उतरवला. असा उतारा तिवाट्यावर उघडाच ठेवायची रीत. पण गाव विचारणार, कोणाचा? आणि तुळसाबाईचं नाक गावातल्या देवळाच्या कळसापेक्षा उंच. तिनं तो नदीच्या वाळूत कोपरभर खोल पुरला आणि मागं न पाहता, कोणाशी न बोलता घरी आली. मागं न पाहणं सोपं होतं. न बोलण्यानं मात्र तिचा जबडा दुखला.

सोमवारी नानाजी आणि त्यांची बायको गोजराबाई येऊन बसले. चहा झाला. नानाजींनी पागोटं सारखं केलं आणि पोरगा येडा आहे असं लोक सांगतात, खरं काय, असं सरळच विचारलं. तुळसाबाई सांगणाऱ्यांचा उद्धार करणार, एवढ्यात जगदेव गुडघ्यापर्यंत भिजलेला धावत आला आणि त्यानं नानाजींच्या हातावर लाल चिंधी उघडली.

"मामाजी, राणीछाप."

रुपयाशेजारी सुई होती, बिब्बा होता, सुरकुतलेलं लिंबू होतं. गोजराबाई भिंतीला चिकटली. "हे तं कोनाचं तरी उतरवलेलं हाये," ती म्हणाली.

तुळसाबाईनं आपला रुपया ओळखला. माझा आहे म्हणावं, तर पोरगा येडा असल्याचं आईच कबूल करते. माझा नाही म्हणावं, तर कोण्या परक्याची बला पोराला लागली असं होतं, आणि असल्या घरात मुलगी कोण देतो? ती चहाच्या रिकाम्या कपबशा गोळा करायला लागली.

नानाजींना मात्र बायकोचं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं. त्यांनी रुपया धोतराला पुसला, चावून पाहिला.

"एकच होता का?"

"शिटी तं लय लंबी वाजली," जगदेव म्हणाला.

झालं. सासरा आणि जावई नदीवर गेले ते दिवेलागणीला आले. मिळाली एक नाल. ती नानाजींनी तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरली होती. मुलगी दिली, म्हणाले; फक्त यंत्र आपल्याला पाहिजे. मुलीच्या बापानं हुंडा मागितल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, पण जगदेव तोंड उघडायच्या आत तुळसाबाईनं हो म्हटलं. तो थोडे दिवस रुसला. मग नवरी आली आणि त्याचे कान दुसरीकडे लागले. लग्नात तेवढं कन्यादानाला नानाजींना मेडशीच्या नदीवरून धरून आणावं लागलं.

पुढं लेकीला भेटायच्या निमित्तानं गोजराबाई आली आणि तुळसाबाईला चुलीपाशी घेऊन बसली.

"विहीनबाई, हे तं नदीच सोडून नाही राह्यले. यायच्यावरून उतारा करून पाहू म्हन्तो. तुमच्या इकडं काय काय घालतेत?"

"लिंबू घाला, बिब्बा घाला," तुळसाबाई म्हणाली. "सुई अन्‌ पैसा घालू नोका."

"काहून?"

तुळसाबाईनं चुलीत फुंकर मारली.

"आमच्या गावची रीतच तशी हाये."