बिनपावतीच्या चाळीस पिशव्या

आमच्या शेजारच्या लांजेवार काकांकडे वाटीभर साखर मागितली, की साखरेआधी कागद पुढे येतो. 'एक वाटी साखर, परत करणे.' खाली सही करायची. साखर परत केली, की त्यावर 'फिटलं' लिहून कागद आपल्या हातात. कुही गावातल्या एका पतसंस्थेतली कारकुनी संपली, पण पावतीचं वेड सुटलं नाही. देवळातल्या प्रसादाचीही पावती मागणारा हा माणूस! काकू गेल्यापासून घरात ते आणि त्यांच्या फायली, एवढंच.

मी अकाउंटिंगच्या परीक्षेत कायद्याच्या पेपरात दोनदा आपटले होते. बाबा नाहीत, आई शिलाईवर घर चालवते. तिसऱ्यांदा फी कुठून भरणार? आई इतकी मानी, की कोणाचा रुपया घेणार नाही. नशिबानं कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं तिला चाळीस कापडी पिशव्या शिवायला सांगितल्या आणि फी भरली गेली. आता नापास झाले तर शिक्षण बंद, हे मात्र ठरलेलं होतं.

त्यात मनी लाँडरिंग काही केल्या डोक्यात शिरेना. मी पुस्तक घेऊन पायरीवर रडत बसले होते.

"काहून रडून राहिली वं?" काका म्हणाले. मी सांगितलं. "एवढंच? घुसवा, फिरवा, बसवा! काळा पैसा आधी धंद्यात घुसवा, मंग दहा हातांतून फिरवा, मंग घरात असा बसवा का कष्टाचाच वाटला पाहिजे."

नुसतं सांगून काकांचं भागत नाही. त्यांनी शंभराच्या नोटेवर पेन्सिलनं टिंब काढलं आणि ती चहावाल्याला दिली. त्यानं ती दूधवाल्याला द्यायची, दूधवाल्यानं शिलाईचे पैसे म्हणून माझ्या आईला, असं ठरलं. दूधवाल्यानं मधेच पेट्रोल भरलं. "अबे, माझा काळा पैसा कुठी गेला?" म्हणत काका गल्लीभर त्याच्या मागे, आणि अख्खी गल्ली खिडकीत. हसता हसता माझं उत्तर पाठ झालं.

पेपरच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे, त्यांनी फायलीला लावून ठेवलेले माझे जुने प्रश्नसंच आणायला गेले आणि कपाटाचा भलताच खण उघडला. आत चाळीस कापडी पिशव्या, घडीही न मोडलेल्या. आईची दुहेरी टीप मी कुठेही ओळखते.

काकांनी पैसे किराणावाल्याकडे घुसवले. पिशव्यांतून फिरवले. आईच्या गल्ल्यात बसवले.

"काका, याचा कागद दाखवा."

कागद नव्हता. काका चष्मा पुसू लागले.

"गुन्ह्याचा पैसा नसन तं कलम लागत नाही," ते म्हणाले. "तुझी काकू असती तं तिनं तुझ्या आईच्या हातातच दिले असते. मले कुठी जमते वं तसं? आईले सांगू नको."

मला रडू आवरेना. तिथलाच कागद ओढून मी लिहिलं, 'परीक्षेची फी, परत करणे.' खाली सही केली. काकांनी तो फायलीला लावला.

निकाल लागला त्या दिवशी मी गुणपत्रिका घेऊन धावत गेले. काकांनी ती दोनदा वाचली, फाइल काढली, माझा कागद सोडवला आणि त्यावर सावकाश लिहिलं, 'फिटलं'.