मातोश्रींचा एक्स-रे

घरात लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणायचं ठरलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, "आधी कागद बघू." (पंचवीस वर्षं सरकारी फायली उपसलेला माणूस दुसरं काय म्हणणार?)

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगी स्वरूपा म्हणाली, "बाबा, पपी क्यूट असला की बस ना, यार."

मग मी तिला रात्रंदिवस वाचून मिळवलेलं ज्ञान दिलं. जातिवंत कुत्र्यांत काही दुखणी पिढीजात असतात. लॅब्रॅडॉरचे खुबे ढिले निघतात, काहींची नजर जाते. वंशावळीच्या कागदावर घराणं कळतं, तब्येत नाही. म्हणून पिल्लाच्या आईबापांचे एक्स-रे आणि डोळ्यांचे रिपोर्ट मागायचे.

"खुबा म्हणजे?" स्वरूपाने विचारलं.

"कूल्हा," अलकनंदा म्हणाली. बायको असल्यामुळे माझं मराठी तिला कळतं.

नोएडात विजयालक्ष्मी नावाच्या बाईंकडे पिल्लं होती. फोन त्यांच्या मुलाने, अंकुरने उचलला. कुत्रीला नुसतं 'माँ' म्हणणं मला उद्धट वाटलं.

"माताजी के कूल्हे का एक्स-रे हुआ है?" मी विचारलं.

"जी, पिछले साल. आपको कैसे पता?"

"रिपोर्ट कैसा आया?"

"ठीक नहीं था. ऑपरेशन करवाना पड़ा."

मी वहीत लिहून घेतलं. "और आँखें?"

"दोनों में मोतियाबिंद था."

"पिताजी?"

"वो तो हार्ट अटैक में चले गए."

हे म्हणजे घराणंच बाद होतं. मी जरा कडक आवाजात म्हणालो, "ऐसी हालत में माताजी से बच्चे करवाना आपको ठीक लगता है?"

फोन बंद झाला. दहा मिनिटांनी त्याच नंबरवरून परत वाजला.

"मैं माताजी बोल रही हूँ," एक शांत आवाज म्हणाला. "उमर अड़सठ है. और बच्चों का इरादा नहीं है. कुतिया का नाम रोज़ी है."

किती वेळा माफी मागितली, आठवत नाही. बाई म्हणाल्या, "इतना पूछने वाला पहली बार मिला है. इतवार को आइए."

रविवारी आम्ही तिघं गेलो, तेव्हा त्या वॉकर टेकत बाहेर आल्या आणि फाइल पुढे केली. रोझीचे खुबे उत्तम, डोळे उत्तम. पिल्लांच्या वडिलांचेही रिपोर्ट होते. मी प्रत्येक पान उलटून, शिक्का निरखून बघितलं. मग त्यांनी माझी चौकशी सुरू केली.

"कौन सी मंज़िल? लिफ़्ट है?"

तिसरी. लिफ्ट नाही.

सांधे पक्के होईपर्यंत पिल्लाने जिने चढायचे-उतरायचे नाहीत, त्यांनी बजावलं. "उठाकर कौन ले जाएगा?"

बायको आणि मुलगी, दोघींनी माझ्याकडे बघितलं.

बाईंनीही बघितलं, खालपासून वरपर्यंत. "आपके कूल्हे कैसे हैं?"

"बिल्कुल ठीक," मी म्हणालो. (शिक्का कोणी मागितला नाही.)

पिल्लू घरी आलं. रोज पाच वेळा तीन मजले खाली, तीन मजले वर, माझ्या कडेवर. ते लॅब्रॅडॉरच्या वेगाने वाढत होतं, मी माझ्या. तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर माझ्या उजव्या खुब्यात कट्ट झालं आणि मी पायरीवर बसलो. पिल्लू अंगावरून उडी मारून घरी गेलं आणि बायको-मुलीला घेऊन आलं.

डॉक्टरांनी माझी फिल्म उजेडात धरली. "सांधा जन्मापासूनच उथळ आहे. हे घराण्यात असतं. वडिलांना त्रास होता?"

वडील आणि काका, दोघेही काठी घेऊन चालायचे. मी आजवर तो रुबाब समजत होतो.

रिक्षात स्वरूपाने आईला विचारलं, "आई, लग्नाच्या वेळी तू बाबांचे रिपोर्ट नव्हते मागितले?"

"मंगळ आहे का ते बघितलं होतं गं," अलकनंदा म्हणाली. "खुबा कोण बघतं?"