पिवळ्या किनारीची गोगलगाय

आमच्या शेजारचे करमरकरसर दर रविवारी भिवंडीहून वसईला जात आणि येताना समुद्र घेऊन येत. दुधाच्या किटलीतून. पहिल्या खेपेला एसटीच्या कंडक्टरने विचारलं होतं, "मास्तर, काय हाय त्यात?" सर म्हणाले, "समुद्र." कंडक्टरने एकदा किटलीत पाहिलं, एकदा सरांकडे पाहिलं आणि पुन्हा कधी त्यांच्या वाटेला गेला नाही.

किटलीत असायच्या समुद्री गोगलगायी. पाठीवर शंख नाही, बोटाच्या पेराएवढा जीव, आणि नटणं असं की जणू हळदीकुंकवाला निघाल्यात. शाळेत विज्ञान शिकवून उरलेला सगळा वेळ सर त्यांच्यात घालवत. ऐंशीच्या दशकात आमच्या आळीत लोणच्याच्या रिकाम्या बरणीला भाव आला तो केवळ त्यांच्यामुळे. मी एकदा सुचवलं की एवढं वसईपर्यंत तंगडतोड करण्यापेक्षा कशेळीची खाडी जवळ आहे. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाहुण्यांना गढूळ चहा दिलाय. खाडीचं पाणी अर्धं गोडं, त्यात या बायका जगत नाहीत, असं त्यांनी मला सुनावलं.

माणसांच्या बाबतीत सरांचा सगळा आनंदीआनंद होता. मला ते माझ्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारत आणि भावाला ओळखतच नसत. पण अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन गोगलगायी समोर ठेवा, चष्मा कपाळावर चढवून ते क्षणात निवाडा देत. "रंगाला भुलू नका, कल्ले बघा," हे त्यांचं पालुपद. या गोगलगायींचे कल्ले पाठीवर फुलासारखे उमललेले असतात. खाणं बदललं की रंग बदलतो, कल्ले सहसा दगा देत नाहीत. हाच मंत्र ते मेथीची जुडी घेतानाही म्हणत. भाऊ मुलगी बघायला निघाला तेव्हा त्यालाही हाच सल्ला मिळाला. मुलीचे कल्ले कुठे बघायचे, असं त्याने विचारलं. सर म्हणाले, "आईकडे बघा." भावाने बघितलं आणि लग्न मोडलं.

सरांचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. जवळचं असं कुणी नव्हतं. सणावारी आम्ही जेवायला बोलावलं की गोगलगायींचं पाणी बदलायचंय, असं कारण तयार असे.

तर या सरांना एकदा खडकाखाली एक गोगलगाय सापडली. दिसायला नेहमीच्या पांढऱ्या गोगलगायीसारखीच, पण हिच्या अंगाला पिवळी किनार होती. शिवाय कल्ल्यांची संख्याही एकदोनाने कमी. सरांनी जाहीर केलं की ही नवी प्रजाती आहे आणि तिला ते भिवंडीचं नाव देणार. झालं! आळी हरखली. आमच्या गावाला आजवर कापडाच्या लूमच्या खटखटीने ओळखत, आता शास्त्रात नाव जाणार म्हणजे काय! खालच्या लूमचे मालक रशीदभाई रोज येऊन बरणीत डोकावत. एकदा म्हणाले, "सर, हमको तो एकही माल लगता है. किनार बदली हुई है बस." सर त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

पुढे कित्येक वर्षं ही पिवळी किनार अधूनमधून सापडे, दर वेळी एकटीच. सिद्ध करायचं तर तिला नेहमीच्या पांढरीबरोबर एका बरणीत ठेवायला हवं होतं. वेगळ्या प्रजातीच्या असतील तर दोघी एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहणार नाहीत. पण पिवळी सापडे तेव्हा बरणीतली पांढरी मेलेली असे, दोघी एका वेळी जिवंत हाती लागत नव्हत्या. शेवटी एका उन्हाळ्यात लागल्या. सरांनी त्यांना एकत्र ठेवलं आणि आळीचा जीव टांगणीला लागला. त्यात माझ्या बायकोला वेगळीच काळजी होती. यात नवरा कोण, असं तिने विचारलं. सरांनी समजावलं की यांच्यात प्रत्येकजण नवराही असतो आणि बायकोही. "मग स्वयंपाक कोण करतं?" असं ती म्हणाली आणि सर चष्मा कपाळावर चढवून पुन्हा बरणीत बघू लागले.

दोन दिवसांनी सकाळीच सर पेढे घेऊन दारात. रशीदभाई हार घेऊन धावले. आम्ही सगळे बरणीभोवती जमलो. दोघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि काचेला कुरडईसारखी नाजूक गुंडाळी चिकटली होती.

"अंडी," सर म्हणाले. "जोडी जमली. म्हणजे एकच प्रजाती. नवीन काही नाही. भिवंडीचं नाव लागणार नाही."

रशीदभाईंच्या हातातला हार तसाच राहिला. मग पेढे कसले, असं बायकोने विचारलं.

सर बरणीकडेच बघत होते. "इतकी वर्षं दर वेळी एकटीच सापडायची हो. मला वाटायचं, जगात हिच्यासारखं कुणीच नाही. म्हणून निदान नाव तरी देऊ म्हटलं." "पण नावाची गरजच नव्हती. तिचं माणूस होतं. तिथेच, शेजारच्या खडकाखाली."

माझी बायको सरांना कायम 'सर' म्हणायची. त्या दिवशी पेढा हातात धरून ती म्हणाली, "भाऊजी, दुपारी तुमचं पान मांडतेय. आणि उद्याही."

"उद्याही?"

"रोज."

सरांनी एक स्वच्छ फडकं आणून बरणीवर टाकलं, दोघींना जरा निवांत असू दे म्हणाले, आणि मुकाट्याने आमच्या मागोमाग आले.