तायडे काका आणि माझा उजवा खांदा

आमचे शेजारी तायडे काका माणसांचे चेहरे विसरतात, पण हाडं विसरत नाहीत. अकोल्यातल्या एका दवाखान्यात त्यांनी तीसेक वर्षं एक्स-रे काढले. भाजीबाजारात एखादा माणूस हात जोडतो, काका कोरे. मग तो सांगतो, "शाळेत असताना मनगट मोडलं होतं माझं," आणि काका एकदम उजळतात. "हो हो! डावं! तिरपं मोडलं होतं. कसं आहे आता ते?" त्या माणसाची बाकी काही चौकशी नाही.

"श्वास घ्या, रोका, सोडा," हेही त्यांच्या तोंडातून गेलेलं नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात फोटो काढताना ते म्हणाले, "श्वास घ्या, रोका!" आणि मग मोबाइलचं बटण शोधत बसले. त्या फोटोत आमचे व्याही लालबुंद दिसतात.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाला अमरावतीला गेले असताना हॉलच्या पायरीवरून मी घसरले. सगळा भार उजव्या हातावर आला. तिथेच एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं. मग गोळ्या झाल्या, शेक झाला, तेलं झाली. तीन महिने लोटले तरी हात खांद्याच्या वर जाईना. मी शाळेत शिकवते. फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहू लागले, मागच्या बाकांवरची मुलं उभी राहून वाचायची. घरचे म्हणाले, वय झालं आता. मलाही ते पटलं होतं.

एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना काकांनी मला पाहिलं. मी डाव्या हाताने उजवा हात उचलून दोरीवर ठेवत होते.

"बाई, तुमाले एमआरआय लागते."

"अहो काका, एक्स-रे चांगला आलाय."

"एक्स-रेत हाड दिसते. हाडाले धरून ठेवणाऱ्या दोऱ्या नाई दिसत. तीस वर्सं काढले न मी, मलेच सांगता? डॉक्टरले इचारा."

ज्या माणसाने जन्मभर एक्स-रेवर प्रेम केलं, तो हे बोलत होता. मी गेले. डॉक्टरांनी हात चारी दिशांना फिरवून पाहिला आणि एमआरआयच लिहून दिला.

आता खरी पंचाईत. मी लिफ्टमध्येसुद्धा जात नाही, त्या बोगद्यात कशी जाणार?

"काहून घाबरता? मी येतो न संग."

तिथे मंगळसूत्र, बांगड्या उतरवल्या. सोबत आत थांबायचं तर काकांजवळही लोखंड चालणार नव्हतं. खिशातून किल्ल्या निघाल्या, अडकित्ता निघाला, दोन सेफ्टी पिना निघाल्या. शेवटी पट्टा निघाला. तेव्हापासून काका एका हाताने पँट धरून उभे. दुसऱ्या हाताने त्यांनी माझ्या पायाचा अंगठा पकडला. मशीन ठकठक करू लागलं, आणि त्या गोंधळातही काकांचा आवाज आला, "श्वास घ्या! रोका!"

मी रोकला. लगेच स्पीकरवरून तिथल्या बाई ओरडल्या, "ताई, श्वास घेत राहा! फक्त खांदा हलवू नका. काकांचं ऐकू नका!"

मला हसू येत होतं आणि हलायचं नव्हतं. अर्धा तास संपला तेव्हा भीती वाटायची राहूनच गेली होती.

खांद्यातली दोरी हाडापासून जवळपास सुटली होती. आणखी उशीर झाला असता तर शिवणं अवघड झालं असतं, डॉक्टर म्हणाले. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. सहा आठवडे हात झोळीत, मग कितीतरी महिने व्यायाम. यंदा शाळा उघडली तेव्हा मी फळ्याच्या अगदी वरच्या कडेला तारीख लिहिली.

त्याच संध्याकाळी काकांकडे गेले. ते एकटेच राहतात. आभार कसे मानावे ते सुचेना, म्हणून विचारलं, "काका, नुसतं पाहून तुम्हाला कसं कळलं?"

काकांनी चष्मा काढला.

"आमच्या हिचा खांदा असाच होता. एक्स-रे मीच काढला. हाड एकदम चांगलं. मी म्हणलो, तुले काई नाई झालं, उगीच सोंग करून राहिली."

"तेव्हा एमआरआय नव्हतं का इथे?"

"होतं न. आमच्याच रस्त्यावर होतं." त्यांनी चष्मा पुसला. "मंग ती तापानं गेली. खांदा तसाच राह्यला. ती गेल्यावर सैपाकघरात गेलो, तं वरच्या फळ्या रिकाम्या. सगळे डबे खाली, भुईवर मांडलेले. कधी मांडले तिनं, मले मालूमच नाई."

"थांबा, चहा ठेवतो," म्हणून ते उठले.

दारातून मला दिसत होतं. डबे अजून खालीच होते. साखरेसाठी काका गुडघ्यावर हात टेकून हळूहळू वाकले. मी मदतीला उठले नाही. चहा फार गोड झाला होता. मी आणखी अर्धा कप मागितला.