समोरचे बशीरभाई आणि मुकी मशिनं

माझं अक्षर वाईट, आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीनंतर कोणी तपासलं नाही, तेवढं सांभाळून घ्या. पण समोरच्या बशीरभाईंच्या दाराची बेल दोनदा वाजवली तर ते दार उघडत नसत, हे लिहून ठेवायचं फार दिवस मनात होतं. एकदा वाजवायची आणि गप उभं राहायचं. दूधवाला घाईचा. त्याने तीनदा दाबली की आतून आवाज यायचा, "पहिली पोचली. मागच्या दोघींनाही जबाब देतो, मग येतो." आणि खरोखरच तेवढा वेळ त्याला ताटकळत ठेवायचे.

करंजाड्यात आमची बिल्डिंग नवीन होती, निम्मे फ्लॅट रिकामे. मी दुपारी त्यांना तांदळाच्या भाकऱ्या करून नेऊन द्यायची. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी त्यांच्या आतल्या खोलीत अंधार, आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं. दुबईची नोकरी सोडून आले होते, पण तिथली कंप्युटरची मशिनं अजून त्यांच्याच गळ्यात होती. ती म्हणे समुद्रापलीकडे एका कुलूपबंद, बर्फासारख्या थंड खोलीत असतात. तिथे माणूस नाही. एखादं मशीन मुकं झालं, नेहमीच्या वाटेने ऐकेना, की बशीरभाई टेलिफोनच्या तारेतून त्याच्या मागच्या दाराशी जायचे. त्या दाराला ते कन्सोल म्हणत. फोन जोडला जाताना टेबलावरच्या डबीतून असा आवाज निघे, की विहिरीच्या तळाशी कोणीतरी करकर दात खातंय. मग ते एकच बटण दाबायचे, एकदाच, आणि हात मांडीवर ठेवून बसायचे.

"मेलं का हो?" मी एकदा विचारलं.

"तौबा करा, ताई. बोलत नाही म्हणजे मेलं असं नाही."

आणि कोणी हात न लावता स्क्रीनवर अक्षरं उमटायला लागली, ओळीखाली ओळ, जसं कोणी अंधारात उठून चाचपडत आपलं नाव सांगतंय. माझ्या अंगावर काटा आला. बशीरभाई खूश. "उठलात, चाचा? अस्सलाम वालेकुम."

चाचा उठलाच नाही तर ते इथून, करंजाड्यातून, तिथली त्याची वीज तोडून पुन्हा जोडायचे. त्याआधी त्याची माफी मागायचे. एकदा नंबर चुकला आणि शेजारचं धडधाकट मशीन बंद झालं. त्या दिवशी जेवले नाहीत. "झोपेत गळा दाबला बिचाऱ्याचा," म्हणाले. माझ्या नवऱ्याने त्यांना भूतवाले असं नाव ठेवलं होतं.

शुक्रवारी नमाजाहून आले की मात्र साधा फोन घ्यायचे. नंबर फिरवून कानाला लावायचे, आणि चकार शब्द नाही. पलीकडूनही नाही. असे बराच वेळ बसून हळूच खाली ठेवायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भाकऱ्या तिथेच टाकून पळाले.

पलीकडे त्यांची मुलगी असते, हे पुढे त्यांनीच सांगितलं. बायको बाहेरच्या खोलीत शेवटच्या घटका मोजत होती, आणि हे आतून कडी लावून मशीन उठवत होते. मुलगी दार बडवत होती.

"मी म्हटलं, थांब, एवढं उठू दे. ते उठलं. तोवर तिची आई गेली होती."

मुलगी तेव्हापासून बापाशी बोलली नाही. लग्न होऊन कुवेतला गेली, सासरच्यांशीही यांचं येणंजाणं उरलं नाही. पण फोन उचलते, ठेवत नाही. लाइन जिवंत आहे, म्हणायचे. आधी तिने बोलायचं, मी थांबणार. दुसरं काही मला येतच नाही, ताई.

एका शुक्रवारी मी गेले तर त्यांचा चेहरा पांढराफटक. रिसीव्हर माझ्यापुढे धरला. आज लाइनीत कसलीतरी खरखर आहे, बहुतेक तुटणार, तुम्ही ऐकून बघा. मला फोनची आधीच धास्ती, सख्ख्या भावाशीही मी हो-नाही एवढंच बोलते. पण इथे नुसतं ऐकायचं होतं.

आधी पोकळी. मग एका बाईचा श्वास. त्याच्याखाली आणखी एक, बारीक, भरभर. मध्येच थांबे, गटकन आवाज होई, पुन्हा सुरू. मी दोन पोरं पाजली आहेत.

मी रिसीव्हरवर हात दाबला. "बशीरभाई, लाइन ठीक आहे. तुमची लेक बाळाला पाजते आहे."

ते मलाच विचारायला लागले, केवढं असेल, मुलगा की मुलगी. मी म्हटलं, तिला विचारा. मान हलवून नको म्हणाले. मी रिसीव्हर त्यांच्या हातात कोंबला. एवढा धीटपणा मी ना आधी केला, ना नंतर.

"बेटा," ते म्हणाले. "नाव काय ठेवलंस?"

मी चपला शोधत होते, त्या सापडेनात. मग बशीरभाई एक नाव म्हणाले. पुन्हा म्हणाले. शाळेतली पोरं पाठ करतात तसं हळूहळू म्हणतच राहिले. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते त्यांच्या घरचं आहे.